वजन, दमा आणि धाप: पंपाचा डोस वाढवण्याआधी काय तपासायचं

दोन जिने चढले की धाप लागते, पहाटे खोकल्याची उबळ येते, पंप दिवसातून चार-पाच वेळा ओढला तरी छाती मोकळी होत नाही. वजन पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेल्या दम्याच्या माणसाची ही नेहमीची तक्रार. त्यावर सहसा दोन गोष्टी होतात. एक तर पंपाचा डोस वाढतो, नाहीतर 'आधी वजन कमी करा' एवढं सांगून घरी पाठवलं जातं. दोन्ही अर्धवट आहेत. वजनामुळे लागणारी धाप आणि दम्यामुळे लागणारी धाप एकाच छातीत असतात, पण त्यांचा इलाज वेगवेगळा असतो. त्या वेगळ्या कशा ओळखायच्या आणि त्यानंतर काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

छातीत नेमकं काय होतं

आपण श्वास सोडतो तेव्हा फुफ्फुसं पूर्ण रिकामी होत नाहीत, बरीच हवा आत राहते. ही शिल्लक हवा श्वासनळ्या उघड्या ठेवते. मांडवाचे ताणे आठवा. चारी बाजूंनी दोऱ्या ताणलेल्या असल्या की कापड ताठ राहतं, त्या सैल पडल्या की मध्ये झोळ येतो. फुफ्फुसाच्या ऊतीही श्वासनळ्यांना बाहेरून असाच ताण देतात. पोटावरची आणि पोटातली चरबी पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूला, वर ढकलते. मग शिल्लक हवा कमी होते, ताण सैल पडतो आणि नळ्या मुळातच अरुंद राहतात. फुफ्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या तर श्वास सोडता सोडता मिटूनच जातात. आडवं झाल्यावर हे आणखी वाढतं. नळीभोवतीच्या स्नायूला रोजचा ताण मिळाला नाही की तो आखडतो आणि थोड्याशा धुरानेही आवळला जातो.

दुसरी बाजू रसायनांची. चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तेल नव्हे. आतड्यांभोवतीची चरबी रक्तात सतत काही ना काही सोडत असते. वजन वाढलं की सूज वाढवणारं लेप्टिन वाढतं आणि सूज आवरणारं अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. चरबीत मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा असे सूज पेटती ठेवणारे पदार्थ तयार होतात. अंगभर मंद आचेवर सूज चालू राहते आणि श्वासनळ्याही त्यातून सुटत नाहीत.

इथेच औषधाचा प्रश्न येतो. अ‍ॅलर्जीच्या दम्यात श्वासनळीच्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पेशींचा मोठा वाटा असतो आणि त्या स्टिरॉइडच्या पंपाला चांगल्या दबतात. चरबीशी जोडलेल्या सुजेत बऱ्याचदा इओसिनोफिल कमी असतात, कधी न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पेशी जास्त असतात, आणि स्टिरॉइडचा गुण कमी येतो. म्हणून पंपाचा डोस दुप्पट केला तरी फरक दुप्पट पडत नाही.

असे रुग्ण ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्यात दमा लहानपणापासून असतो, सोबत शिंका आणि खाज असते, आणि वजन मागून वाढलेलं असतं. दुसऱ्यात चाळिशीच्या आसपास, बहुतेक वेळा बाईला, अ‍ॅलर्जीचा काहीही इतिहास नसताना दमा सुरू होतो आणि वजन आधीच जास्त असतं. पहिल्या प्रकारात पंपाचा गुण भरपूर येतो. दुसऱ्यात वजन उतरवल्याचा फायदा जास्त दिसतो. आपण कुठल्या गटात आहोत हे डॉक्टरांना सरळ विचारा. रक्ताच्या साध्या तपासणीतला इओसिनोफिलचा आकडा त्यासाठी उपयोगी पडतो. फक्त तोंडावाटे स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तो आकडा खोटा कमी दिसतो, हे लक्षात ठेवा.

आधी टेप आणि वही

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, रोज त्याच काट्यावर करा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १५८ सेंमी आणि वजन ७५ किलो असेल तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे सुमारे २.५, आणि ७५ भागिले २.५ म्हणजे ३०. आपल्याकडच्या माणसांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. २५ आणि ३० या पाश्चात्त्य मर्यादा आपल्याला लागू करू नका, कारण आपल्यात कमी वजनालाही पोटात चरबी जास्त साठते.

कमरेचं माप जास्त बोलकं असतं. सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषाला ९० सेंमी आणि बाईला ८० सेंमी ही मर्यादा. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं अशी माणसं प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यांचा काटा ठीक सांगतो, टेप सांगत नाही.

उद्दिष्ट छोटं ठेवा. दम्यावर ताबा सुधारायला आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुरते. ७५ किलोला हे पावणेचार ते साडेसात किलो होतात. लग्नातल्या वजनावर परत जायची गरज नाही.

धाप आहे की दमा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढे वर्षानुवर्षं चुकीच्या औषधावर राहतात. वजनाची धाप श्रम करताना लागते आणि थांबल्यावर चार-पाच मिनिटांत उतरते. व्यायामाने भडकणारा दमा बहुधा थांबल्यानंतर वाढतो. पाच ते पंधरा मिनिटांनी छाती आवळते, सुई-सुई आवाज येतो, खोकला सुटतो. दमा पहाटे उठवतो, धूळ-धुराने भडकतो आणि आज एक, उद्या दुसरं असा हेलकावे खातो. वजनाची धाप रोज जवळजवळ सारखीच असते.

पक्की खात्री स्पायरोमेट्रीने होते. मशीनमध्ये फुंकायचं, पंप घ्यायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांपेक्षा आणि २०० मिलीपेक्षा जास्त वाढली तर दम्याला चांगला आधार मिळतो. नुसत्या लठ्ठपणात पहिल्या सेकंदातली हवा आणि पूर्ण फुंकरेतली एकूण हवा हे दोन्ही आकडे थोडे कमी येतात पण त्यांचं गुणोत्तर बहुधा शाबूत राहतं. तपासणीआधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा हे आदल्या दिवशी विचारून घ्या. पंप ओढून गेलात तर तपासणी फुकट जाते.

घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरेचा वेग मोजणारं छोटं यंत्र, ठेवा. मेडिकलमध्ये काही शे रुपयांत मिळतो. उभं राहा, काटा शून्यावर आणा, छाती भरून श्वास घ्या, ओठ घट्ट मिटा आणि एका दमात जोरात फुंका. तीनदा करा आणि सर्वात मोठा आकडा लिहा, सरासरी नको. सकाळ-संध्याकाळ दोन आठवडे. खुर्चीत वाकून बसून फुंकलं तर पोट दाबलं जातं आणि आकडा पडतो. जाड माणसाची ही सर्वात सामान्य चूक. दुसरी चूक म्हणजे जीभ नळीच्या तोंडावर येणं.

हिशेब सोपा आहे. सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३५० आले तर फरक ५०, दोन्हींची सरासरी ३२५, म्हणजे चढउतार १५ टक्के. असा रोजचा चढउतार काढून दोन आठवड्यांची सरासरी घ्या. मोठ्या माणसात ती १० टक्क्यांच्या वर असेल तर दम्याकडे बोट जातं. एक दिवस चालण्याआधी आणि थांबल्यावर ५, १०, १५ मिनिटांनी फुंकून पाहा. ३५० चे २९० झाले तर १७ टक्के घसरण झाली, म्हणजे ती नुसती वजनाची धाप नव्हे. काटा ढळला नाही आणि धाप मात्र भरपूर लागली, तर पंप वाढवण्यात अर्थ नाही. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि हृदयाची तपासणी आधी करा. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला दम्याचा पंप देऊन जिना चढता येणार नाही.

पंप नीट बसतोय का

पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची नळकांडी, लावाच. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, एकच पफ दाबा, तीन ते पाच सेकंदांत सावकाश आत ओढा आणि दहा सेकंद श्वास रोखा. दुसऱ्या पफआधी अर्धा मिनिट थांबा. ताठ बसून किंवा उभं राहून घ्या, अंथरुणात लवंडून नको. नंतर चूळ भरून पाणी थुंका. कॅप्सूलच्या पावडरीच्या यंत्रात उलट आहे, तिथे श्वास जोरात आणि वेगाने ओढायचा असतो. कॅप्सूल गिळणारी माणसं आजही भेटतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

'पंपाने माणूस फुगतो' ही भीती घरोघरी आहे. आकडे पाहा. रोजच्या पंपात साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड असतं. अटॅकच्या वेळी दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळीत ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी असली तरी अंगभर पसरणारा मारा कुठला हे कळायला एवढं पुरे. वजन वाढवतात त्या वारंवारच्या गोळ्या आणि सुया, आणि त्या बऱ्याचदा घ्याव्या लागतात पंप नियमित न घेतल्यामुळे. वजनाने दमा बिघडतो, दम्यासाठी गोळ्या, गोळ्यांनी भूक आणि वजन, असं हे दुष्टचक्र. नाव नसलेल्या पुडीतल्या औषधाने दोन दिवसांत दमा 'गायब' होत असेल आणि चेहरा गोल होत असेल तर त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ती पुडी महिनोनमहिने चालू असेल तर एकदम बंदही करू नका, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवा.

आणखी एक मोजणी करा. लगेच आराम देणाऱ्या निळ्या पंपाच्या, म्हणजे साल्ब्युटामॉलच्या, २०० पफच्या किती डब्या वर्षात रिकाम्या होतात? तीन किंवा जास्त म्हणजे अटॅकचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक म्हणजे जीवाचा धोका. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचना प्रौढांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नका असंच सांगतात. ब्युडेसोनाइड आणि नळ्या उघडणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप तात्पुरत्या आरामालाही वापरता येतो. तुम्हाला तो चालेल का हे पुढच्या भेटीत विचारा.

ताटातले पाचशे

रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. पहिल्या आठवड्यात जास्त उतरेल. ते बरंचसं पाणी असतं, हुरळून जाऊ नका.

सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज सुमारे ३३ मिली होतं. ते अडीच लिटरवर आणा, माणशी २१ मिली. इथेच शंभराच्या आसपास कॅलरी वाचतात आणि कुणाच्या ताटातला पदार्थ कमी होत नाही. महिन्याच्या एक तारखेला अडीच लिटर बाजूला काढून ठेवणं हाच त्यातला खरा उपाय. चमच्याने मोजायचं ठरवलं की आठ दिवसांत विसरलं जातं.

मग चहा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम, २०० कॅलरी. दोन कप कमी करा आणि उरलेल्यांत एक-एक चमचा घाला, १४० वाचले. गुळाचा चहा केला म्हणून सुटका नाही, गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपासच असतात. शेंगदाण्याची मूठ ३० ग्रॅमची, सुमारे १७० कॅलरी. संध्याकाळच्या भडंगाच्या वाटीत तेल आणि शेंगदाणे दोन्ही येतात. भडंग आठवड्यातून दोनदा, एरवी फुटाणे किंवा काकडी. साताऱ्याचे कंदी पेढे पाहुण्यांना द्या.

ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे २०० कॅलरींची. दोनच्या जागी दीड घ्या आणि उसळ वाढवा. अख्खा मसूर हा आपल्याकडचा चांगला पदार्थ आहे, फक्त ढाब्यावर त्यावर तरंगणारं तेल घरी आणू नका. प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम हवीत, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात. एका वाटी उसळीत सुमारे ८ ग्रॅम, एका अंड्यात ६. उपवासाने वजन उतरेल ही समजूत साबुदाण्याची खिचडी मोडून काढते. साबुदाणा, तूप आणि दाण्याचं कूट एकत्र आलं की त्या बशीत दोन भाकऱ्यांएवढ्या कॅलरी सहज भरतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी त्यांचा डोस ठरवून घ्या, नाहीतर साखर खाली जाईल. वजन उतरवणारी इंजेक्शनं आणि पोटाच्या शस्त्रक्रिया यांनीही दमा सुधारू शकतो. वजन फार असेल आणि तीन-चार प्रामाणिक प्रयत्न फसले असतील तर तो विषय तज्ज्ञांकडे काढा.

चालणं, आणि ते कधी नाही

पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा दहा मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा, मग वीस. सहाव्या आठवड्यापासून आठवड्याला १५० मिनिटांच्या खाली येऊ नका आणि आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून उठ-बस दहा-दहाच्या दोन फेऱ्या जोडा. वेग ठरवायला घड्याळ नको. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. सुरुवातीची दहा मिनिटं सावकाश चाला. त्याने नंतरचा झटका कमी होतो. व्यायामाने छाती आवळते हे मीटरने सिद्ध झालं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला पंप पाच ते पंधरा मिनिटं आधी घ्या. अजिंक्यतारा किंवा यवतेश्वरचा घाट बाराव्या आठवड्याआधी नको. पहिल्याच रविवारी गड चढायला निघालेली माणसं दुसऱ्या रविवारी घरी बसतात.

आपल्या सातारा-सांगली भागात वेळ निवडणं फार महत्त्वाचं. ऊसतोडीच्या हंगामात शेतात पाचट पेटवलं जातं आणि हिवाळ्यात तो धूर खाली बसून राहतो. त्या दिवसांत पहाटे चालायचा हट्ट सोडा आणि ऊन वर आल्यावर जा. गुऱ्हाळाच्या वाऱ्याच्या दिशेने तर नकोच. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्यातला सल्फर डायऑक्साइड दम्याच्या नळीला फार थोड्या प्रमाणातही आवळतो, धुरी चालू असताना शेडच्या आसपास थांबू नका. हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमजवळ काम असेल तर रुमाल पुरत नाही, एन-९५ लागतो. बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून उपटून घ्या. सांगलीत २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी शिरलेल्या घरांच्या भिंतींवर अजून ओल येत असेल तर पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि बुरशी दिसली तिथलं प्लास्टर खरवडून पूर्ण वाळवा. वरून रंग मारला तर ती आतून पुन्हा येते.

रात्रीचे दोन चोर

जाड माणसाच्या रात्रीच्या खोकल्याला दमाच कारण असेल असं नाही. पोटाच्या दाबाने आम्ल घशात येतं. जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका आणि पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ते टोक १५ ते २० सेंमी उचला. दोन उशा घेतल्या तर कंबरेत घडी पडून पोट उलट जास्त दाबलं जातं. दुसरा चोर घोरणं. घोरताना श्वास मधेच अडकतो, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या बसल्या डुलकी, गळ्याचा घेर ४० सेंमीच्या पुढे, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. यातलं बरंचसं घरच्यांनाच विचारावं लागतं, घोरणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो.

कधी थांबायचं नाही

एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंपाचा असर टिकत नाही किंवा पीक फ्लो स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली आहे, तर तो अटॅक आहे. '१०८' ला लगेच फोन लावा. रुग्णाला ताठ बसवा, स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार पफ एकेक करून द्या आणि प्रत्येकानंतर चार श्वास घेऊ द्या. चार मिनिटांत फरक नाही तर पुन्हा चार, आणि गाडी येईपर्यंत तसंच चालू ठेवा. 'वजनामुळे लागतंय' म्हणत सकाळची वाट बघू नका.

उतरलं की पंप बंद?

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. चार किलो उतरतात, धाप कमी होते आणि माणूस मनानेच पंप ठेवून देतो. दोन-तीन आठवडे बरे जातात, कारण सूज हळूहळू परत येते, आणि मग पहिल्या धुराला अटॅक येतो. निदान तीन महिने दिवसा-रात्री त्रास नाही, आरामाचा पंप क्वचितच लागतो आणि पीक फ्लोची वही सपाट आहे, तेव्हाच डॉक्टरांशी बोलून स्टिरॉइडचा डोस २५ ते ५० टक्क्यांनी उतरवा आणि पुन्हा तीन महिने वही चालू ठेवा. गाळपाच्या हंगामात, पावसाळ्याच्या तोंडावर किंवा सर्दी-तापात हा प्रयोग सुरू करू नका.